खाजणातले म्हात्रे सर

म्हात्रे सरांना चिखल कधी घाण वाटला नाही. बुटाला लागलेला चिखल ते दारातच झटकून टाकत नसत. आधी बोटावर थोडासा घेऊन चोळायचे, नाकाशी न्यायचे, मान हलवायचे आणि मगच पायपुसण्याकडे वळायचे. त्यांच्या मुलीच्या घरात भिंतीपासून भिंतीपर्यंत फिकट राखाडी गालिचा होता. त्या वर्षभरात त्या गालिच्याने जे सोसलं ते मेघनाने कधी कुणाला सांगितलं नाही. आता मात्र तिने तो तसाच ठेवलाय. धुवायला देत नाही.

मेघना माझी शेजारीण. आयर्लंडमधल्या लिमरिकच्या हॉस्पिटलमध्ये डॉक्टर. मी लिमरिकलाच एका कंपनीत, हृदयात बसवायच्या नळ्या तपासायच्या कामावर. आमचं गाव लिमरिकपासून गाडीने अर्ध्या तासावर, शॅनन नदीच्या खाडीकाठी. आमच्या घरांची रांग गावातली शेवटची. मागच्या कुंपणापलीकडे एक कुरण, कुरणानंतर मातीचा ठेंगणा बांध आणि बांधापलीकडे ती सपाट, भिजकी, कशालाच उपयोगी न पडणारी जमीन. भरतीला पाण्याखाली जायची, ओहोटीला पुन्हा वर यायची. तिथे राहायला येऊन मला चार वर्षं झाली होती आणि त्या जमिनीला काही नाव असेल असं माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

ते नाव सरांनी सांगितलं. खाजण.

२०२० च्या फेब्रुवारीत ते तीन महिन्यांसाठी मुलीकडे आले. त्यांची बायको, म्हणजे काकू, भाचीचं लग्न उरकून एप्रिलमध्ये येणार होत्या. त्यांची बॅग भरून तयार होती म्हणे. सर आल्याच्या पहिल्याच आठवड्यात, पाऊस बारीक पडत असताना, आमच्या मागच्या भिंतीवरून एक माकडटोपी वर आली.

"नमस्कार. मी मेघनाचा बाबा. तुमच्याकडे पिठाची चाळण आहे का?"

"आहे की. केवढी हवी?"

"आकार कसाही चालेल. भोकं बारीक हवीत." मग जरा थांबून म्हणाले, "परत मिळणार नाही असं समजूनच द्या."

चाळण द्यायला गेले तेव्हा पाहिलं, पायात मेघनाचे गुलाबी गमबूट होते आणि हातात काळ्या चिखलाचा, मुळांनी गच्च भरलेला गोळा. तो गोळा ते बागेतल्या नळाखाली चाळणीत धरून धुवायला लागले. चिखल वाहून गेला आणि चाळणीत पांढऱ्या-तपकिरी केसांसारख्या मुळांचा पुंजका राहिला. माझ्यासमोर धरून म्हणाले, "हे बघा. वर दिसतं त्याहून जास्त खाली असतं. लोक वरचं बघतात आणि पडीक म्हणतात."

एवढं बोलून त्यांनी मला त्यांचं आयुष्य सांगून टाकलं होतं. ते कळायला मला पुढचं वर्ष लागलं.

सर अलिबागकडच्या खारेपाटातले. तिथली भातशेती भरतीच्या पातळीहून खाली असते. मातीचे बांध घालून समुद्र बाहेर ठेवायचा आणि आत भात पिकवायचा. बांधाच्या आत शेत, बांधाच्या बाहेर खाजण. गावातले सगळे आत बघणारे. सर एकटे बाहेर बघणारे. तिथल्याच एका कॉलेजात त्यांनी वनस्पतिशास्त्र शिकवलं आणि सगळी हयात एकाच प्रश्नामागे घालवली, की खाजण वर्षाला किती वाढतं. मीटरभराचा चौकोन जमिनीवर टाकायचा, त्यातलं गवत मुळापासून कापायचं, वाळवायचं, वजन करायचं. पुढच्या महिन्यात दुसऱ्या जागी चौकोन टाकायचा. विद्यार्थी त्यांना पाठीमागे 'खाजण' म्हणत. हे त्यांना माहीत होतं आणि आवडतही असावं. "आज खाजण लवकर आलंय, असं पोरं म्हणायची," असं ते मला हसत हसत सांगायचे.

मार्चच्या शेवटी सगळं बंद झालं. विमानं थांबली, काकूंची बॅग अलिबागलाच राहिली. सत्तरीपुढच्यांनी घराबाहेर पाऊलही टाकायचं नाही असा इथल्या सरकारचा हुकूम आला. त्याला इथे कोकूनिंग म्हणत, म्हणजे कोशात राहणं. सर एकाहत्तर वर्षांचे. मेघना करोनाच्या वॉर्डात असल्यामुळे वडिलांना आपल्यापासून लांब ठेवायला हॉस्पिटलजवळच्या खोलीत राहायला गेली. तिने मला एवढंच सांगितलं, "बाबांकडे लक्ष ठेव. ते जेवतील. पण ते बाहेर जातील, तेवढं बघ."

ते बाहेर गेले नाहीत. वरच्या खोलीच्या खिडकीत खुर्ची टाकून बसले. मी दारात दूध-भाजी ठेवून दोन पावलं मागे सरकायचे, ते खिडकी उघडून वरून बोलायचे.

"अनघा, कोशातून फुलपाखरू निघतं म्हणतात. माझ्यातून काय निघणार? म्हातारा आत गेला, म्हाताराच बाहेर येणार."

"सर, औषधं घेतलीत का?"

"घेतली. आज पाणी पार बांधाला लागलं होतं. आता ओसरतंय. तुझ्या घरातून दिसत नाही, माझ्या खिडकीतून दिसतं."

भरती-ओहोटीच्या वेळा त्यांना तोंडपाठ असायच्या. इथल्याही आणि अलिबागच्याही. फोनवर काकूंना ते "आता तिथे पाणी चढत असेल" असं सांगत आणि काकू म्हणत, "मला काय सांगता? मी बघतेय ना समोर."

मे महिन्यात म्हाताऱ्यांना चालायला परवानगी मिळाली. घरापासून पाच किलोमीटरच्या आत आणि कुणाच्या जवळ न जाता. सर त्या सकाळी गुलाबी गमबूट चढवून निघाले ते थेट बांधापलीकडे. तासाभराने माझा फोन वाजला. मी घरूनच काम करत होते, मीटिंग चालू होती. सर ओरडत होते.

"अनघा, मोरस! इथे मोरस आहे!"

मोरस ही खाजणातली एक बुटकी, मांसल पानांची वनस्पती. आपल्या किनाऱ्यावर तिची भाजी करतात. मला ते माहीत नव्हतं, मी पुण्याची. तेव्हा ती नुकती उगवत होती, नखाएवढी. सरांनी लगेच काकूंना लावलं. त्या पलीकडून म्हणाल्या, "मग भाजी करा. आधी उकळून पाणी ओतून टाका, नायतर खारट होईल." पुढे जुलैत ती मोठी झाल्यावर सरांनी खरंच भाजी केली. लिमरिकच्या दुकानातून मी आणलेला सुका जवळा घालून. आमच्या घरी वाडगा पाठवला. माझी मुलगी ओवी एक घास खाऊन म्हणाली, "इट्स ग्रँड, बट इट टेस्ट्स लाइक द सी." सरांना तो शेरा इतका आवडला की फोनवर जो भेटेल त्याला त्यांनी सांगितला.

त्या मे महिन्यापासून त्यांचा एक रिवाज सुरू झाला. रोज सकाळी ते खाजणात जायचे आणि काकूंना फोन लावायचे. तिकडे तेव्हा दुपार कललेली असायची, काकू आपल्या बांधावर यायच्या. काकूंना भाऊ नव्हता, त्यामुळे वडिलांचं शेत त्यांच्याकडे आलं होतं आणि त्या शेताचा बांध वडिलांनी उभ्या जन्मात दर वर्षी स्वतःच्या हाताने लिंपलेला. तर काकू त्या बांधावरून आणि सर या खाजणातून, फोन कानाला लावून, एकाच वेळी चालत. मी एकदा त्यांच्या मागून गेले होते. मला वाटलं होतं बोलत असतील. बोलत नव्हते. बराच वेळ नुसतं चालणं. मध्येच सर म्हणाले, "दमलीस?" पलीकडून काहीतरी उत्तर आलं. मग पुन्हा नुसतं चालणं. एका ठिकाणी सरांनी फोन कानापासून काढून पाण्याकडे धरला, खळखळ ऐकवायला.

याच दिवसांतली ती पोलिसाची गोष्ट. पडदे टांगायच्या नळ्या बांधून सरांनी चौकोन केला होता. तो खांद्यावर, हातात झुडपं कापायची कात्री, पायात गुलाबी गमबूट, डोक्यावर माकडटोपी, असे ते रस्त्याने येत होते. गार्डा म्हणजे इथला पोलीस, त्याने गाडी थांबवली आणि काच खाली करून विचारलं, हे काय घेऊन चाललात?

सर म्हणाले, "मी गवत मोजतो."

"आणि कसं काय आहे गवत?"

"हळू आहे. यंदा पाऊस फार कमी."

गार्डाने त्यांच्याकडे नीट बघितलं. आयर्लंडमध्ये पाऊस कमी पडतो अशी तक्रार करणारा माणूस त्याने आयुष्यात पाहिला नसावा. "तुम्ही इथे फार दिवस नाही ना?" म्हणाला, आणि हसत निघून गेला. पण सरांचं चूक नव्हतं. त्या वसंतात इथे खरंच पाऊस नव्हता आणि पावसाने मीठ धुतलं नाही की खाजणातलं गवत दबून राहतं. गार्डाने ही गोष्ट गावात सांगितली आणि सर गावाला माहीत झाले. इथे समोर नसलेल्या कुणाही माणसाला 'युअर मॅन' म्हणतात. दुकानात मला लोक विचारू लागले, "हाऊ इज युअर मॅन विथ द ग्रास?"

त्या खाजणात मिक नावाच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या गाई चरायच्या. मिक आणि सर यांची मैत्री कशी झाली हे मला नीट कळलं नाही, कारण मिकचं इंग्रजी मलाही अर्धंच समजतं आणि सरांचं इंग्रजी मिकला. दोघं बांधावर लांब लांब उभे राहून मोठ्याने बोलत. सरांचं म्हणणं, जिथे गाई चरतात तिथलं गवत आणि जिथे चरत नाहीत तिथलं गवत, दोन्ही मोजलं पाहिजे. तेवढा एक तुकडा कुंपण घालून ठेवाल का? मिक म्हणाला, वाईट जमीन आहे ती, तिला कोण कुंपण घालतं? सर म्हणाले, "वाईट नाही. बिझी आहे." मिकला हे उत्तर पटलं की आवडलं कुणास ठाऊक, दुसऱ्या दिवशी त्याने खांब ठोकून तार ओढली. सर मला दाखवायला घेऊन गेले. एखाद्याने बंगला बांधून द्यावा तसे खूष होते.

जूनच्या सुरुवातीला अलिबागच्या किनाऱ्यावर चक्रीवादळ आलं.

आम्ही इथे टीव्हीवर बघत होतो. सकाळी सरांचं काकूंशी बोलणं झालं होतं. त्या म्हणाल्या होत्या, वारा सुटलाय, आता ठेवते. मग फोन लागेना. वीज गेली, मोबाईलचे टॉवर पडले, सगळा खारेपाट मुका झाला. सर फोन लावत राहिले. पुतण्याला, शेजाऱ्यांना, कॉलेजातल्या शिपायाला, मुंबईतल्या साडूला. साडूला काही माहीत नव्हतं. मेघना हॉस्पिटलमधून मला विचारायची, "बाबा काय करतायत?" मी सांगायचे, "खाजणात गेलेत." कारण रोजच्या वेळी ते तिथे जायचेच. फोन लावायचे, लागायचा नाही, तसाच कानाला धरून चालायचे. मी बांधावर उभी राहायचे. मला त्यांच्याजवळ जायला परवानगी नव्हती आणि गेले असते तरी काय बोलणार होते?

चौथ्या-पाचव्या दिवशी दुपारी ते आमच्या भिंतीशी उभे होते, मी त्यांना चहाचा कप भिंतीवर ठेवून देत होते आणि फोन वाजला. अनोळखी नंबर. त्यांनी घाईत स्पीकरवर टाकला.

"अहो, मी बोलतेय."

सर खाली बसले. तिथेच, ओल्या गवतावर.

काकूंचा आवाज बसला होता. कुणाच्या तरी फोनवरून बोलत होत्या, त्यासाठी टेकडीवर चढून आल्या होत्या. घराचे पत्रे गेले. आंबा पडला. ठीक आहे मी. मग म्हणाल्या, "बांधाला खांड पडलीय. आपल्या शेतात समुद्र आलाय."

सर एकदम उठून उभे राहिले.

"पाणी रोज येतं का? का नुसतं उधाणालाच?"

उत्तर यायच्या आत सर पुढे बोलायला लागले.

"म्हणजे मी काय म्हणतो, रोज येत असेल तर बघ, पावसानंतर तिथे मोरस येईल. गवत येईल. मला हे कधी सुरुवातीपासून बघायला मिळालं नव्हतं, शेताचं खाजण कसं..."

त्यांच्या आवाजात आनंद होता. लपवायचा प्रयत्न होता, पण होता. मला भिंतीच्या या बाजूला ऐकू आला, तिथे टेकडीवर ऐकू आला नसेल असं कसं होईल? फोन बंद झाला. सर म्हणाले, "रेंज गेली वाटतं." आणि माझ्याकडे बघितलं. मी चहाच्या कपाकडे बघत होते.

रेंज गेली नव्हती. पुढचे कितीतरी दिवस काकूंचा फोन आला नाही. मेघनाला यायचा. पुतण्याचा फोन सुरू झाला, त्यावरून त्या लेकीशी बोलायच्या, सरांचं नाव काढायच्या नाहीत. सर लावायचे तेव्हा पुतण्या सांगायचा, काकी कामात आहे. शेवटी सरांनी मला विचारलं. त्यांनी कधी काही मागितलं नव्हतं, एक चाळण सोडली तर.

"अनघा, तू बोलशील का तिच्याशी? पुतण्याच्या नंबरवर लाव, तुझ्याशी ती बोलेल."

मी काकूंना पाहिलेलंही नव्हतं. फोन लावला, ओळख सांगितली. त्या जराही अवघडल्या नाहीत.

"बाय, मी दुपारभर पलंगाखाली होते. वर पत्रे उडत होते. मला वाटलं संपलं आता. आणि हे इचारतात, पाणी रोज येतं का."  मग म्हणाल्या, "माझ्या बापानं पाठ मोडून घातलेला बांध हाय तो. यांना सांग, मी रागावले नाय. मी दमलेय."

मी सरांना शब्दन् शब्द सांगितला. ऐकताना त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली होती. मग ते आत गेले. थोड्या वेळाने परत आले आणि मुलाखतीला बसलेल्या मुलासारखं विचारलं, "मी आधी काय विचारायला हवं होतं?"

"जेवलात का, असं विचारायचं, सर."

"जेवलीस का," त्यांनी दुरुस्त केलं.

पुढे काकू पुन्हा बोलायला लागल्या. पण ते चालणं बंद झालं. चालायला तिकडे बांधच उरला नव्हता. सरांचा पहिला प्रश्न मात्र ठरलेला, जेवलीस का. सकाळ असो, संध्याकाळ असो. इतका की एकदा काकू तडकल्या, "रोज काय जेवलीस जेवलीस! दुसरं काय बोलता येत नाय का?" सर फोन ठेवून हसत आमच्याकडे आले. वादळानंतर ते पहिल्यांदा हसले होते.

ऑगस्टच्या अखेरीस त्यांनी इथलं गवत कापलं. खाजण तेव्हा ऐन भरात होतं, मध्ये मध्ये जांभळी फुलं आणि कडेकडेने मोरस लालसर व्हायला लागलेली. मिकच्या कुंपणातलं एक, बाहेरचं एक, पाण्याजवळचं एक, असे चौकोन. मुळांचे गोळे माझ्या चाळणीत धुतले गेले. वाळवायला भट्टी कुठली? मेघनाचा ओव्हन. ती तोवर घरी राहायला आली होती. दुहेरी ड्यूटी करून परतली तर घरभर उकडलेल्या समुद्राचा वास. तिचा आवाज आमच्या स्वयंपाकघरापर्यंत आला.

"बाबा, मला टोस्टसुद्धा करता येत नाहीये! आणि प्रेसमध्ये हे काय आहे?"

प्रेस म्हणजे इथलं कपाट. त्यात तिच्या साखरेच्या आणि डाळींच्या बरण्यांत वाळकं गवत बसलं होतं.

मी सरांना विचारलं, निघाला का आकडा? ते म्हणाले, निघाला. मिकच्या कुंपणातलं जास्त भरलं. पण त्यांच्या चेहऱ्यावर समाधान नव्हतं. "हे जे उभं आहे तेवढंच मला मोजता येतं," ते म्हणाले. "वर्षभरात जे वाढलं, गळलं आणि भरतीने नेलं, ते कुणाच्या पोटात गेलं, किती गेलं, ते मला आयुष्यात मोजता आलं नाही. तिकडेही नाही, इथेही नाही." मग म्हणाले, "काकू चौकोनाचं एक टोक धरायची, माहीत आहे? शाळा सुटली की यायची. प्राथमिकला शिकवायची ना. साडी खोचून चिखलात. तिला या सगळ्यात काडीचा रस नव्हता. मी एकटा जाऊ नये म्हणून यायची."

ऑक्टोबर संपता संपता इथलं खाजण तपकिरी पडलं, आडवं झालं. इथे ते थंडीत झोपतं. आपल्याकडे उलटं, पावसाने मीठ धुऊन काढलं की ते जागं होतं आणि थंडीत वाढतं. सर दिवसभर घरात बसू लागले. एक दिवस त्यांच्या फोनवर काकूंचा फोटो आला. खाली काही लिहिलेलं नव्हतं. चिखलातून वर आलेली हिरवी कोवळी मोरस, त्यांच्याच शेतातली, आणि झाड केवढं ते कळावं म्हणून शेजारी काकूंनी ठेवलेला स्वतःचा पाय. सरच तसं शिकवायचे म्हणे, फोटोत मापाला काहीतरी ठेवायचं.

सरांनी तो फोटो मला दाखवला. बोटांनी मोठा केला. मी मोरसेकडे बघत होते, म्हटलं, "तुम्ही म्हणाला होतात तसंच झालं की, सर."  ते पायाकडे बघत होते.

"चप्पल नवीन आहे," ते म्हणाले. "बाजारात कुणाबरोबर गेली असेल?"

त्यानंतर त्यांनी तिकिटाची चौकशी सुरू केली.

पुतण्याकडून कळलं होतं की भात कापून झाल्यावर गावातले लोक मिळून खांड बांधायला घेणार. पावसाआधी ती बांधली नाही तर शेत गेलंच. काकू याबद्दल नवऱ्याशी चकार शब्द बोलल्या नव्हत्या. सरांनी ठरवलं, जायचं. मेघनाने ऐकलं आणि बाप-लेकीचं मोठं भांडण झालं. मी तिथेच होते, दाराबाहेर, मास्क लावून.

"लस आलीय, बाबा. सत्तरीच्या लोकांचा नंबर आता लागेलच. दोन महिने थांबा."

"दोन महिन्यांनी बांधाचं काम संपेल."

"तुम्ही तिथे काय करणार आहात? टोपल्या उचलणार? आणि तुम्ही जन्मभर बांधाच्या विरुद्ध बोललात. समुद्राला त्याची जागा द्या म्हणून लेख लिहिलेत. मी लहान असल्यापासून ऐकतेय."

"बरोबर आहे तुझं."

"मग?"

"शेत तिचं आहे," सर म्हणाले.

मेघना रडली. मग तिनेच तिकीट काढलं, दोहावरून.

सर घरी पोचले. पुतण्या फोटो पाठवायचा. चिखलाच्या भेंड्यांची, म्हणजे मोठाल्या गोळ्यांची, माणसामाणसांतून चाललेली रांग, त्यात डोक्याला पंचा बांधलेले सर. काकू फोनवर मला म्हणाल्या, "काय उपयोगाचे नाय. दोन भेंडे उचलतात आणि चिखलाचा वास घेत बसतात." पण बोलताना त्या हसत होत्या. संध्याकाळी दोघं अर्ध्या झालेल्या बांधावर फिरायला जातात हेही त्यांनीच सांगितलं. खांड एप्रिलमध्ये बुजली.

मे महिन्यात सर गेले. दुसऱ्या लाटेत, आठवडाभराच्या तापात, अलिबागला. तिकडच्या लसीच्या रांगेत दोनदा उभे राहून ते परत आले होते, लस संपली होती. मेघनाला जाता आलं नाही. ती तेव्हा इथे लिमरिकमध्ये दुसऱ्यांच्या आईवडिलांचे श्वास मोजत होती. मी तिच्या घरी जाऊन बसायचे. ती म्हणायची, मी अडवायला हवं होतं. मग म्हणायची, अडवलं असतं तर त्यांनी मला माफ केलं नसतं. दोन्ही खरं होतं.  पावसाळा सुरू झाल्यावर मी काकूंना फोन केला. काय विचारावं सुचेना, म्हणून जेवलात का विचारलं. त्या म्हणाल्या, "जेवले, बाय." मग म्हणाल्या, "काल मोठं उधाण होतं. बांध टिकलाय. पाणी आत आलं नाय."

मला सर अधूनमधून दिसतात ते इथून निघण्याच्या दिवशीचे. फेब्रुवारीतली गार, स्वच्छ सकाळ. मेघना गाडी तापवत होती. सर सूट घालून, वर मेघनाने दिलेला जाड कोट, असे तयार होऊन बाहेर आले आणि म्हणाले, पाच मिनिटं. मी त्यांच्याबरोबर कुरणातून बांधापर्यंत गेले. भरती पूर्ण होती. खाजण दिसतच नव्हतं. मिकच्या कुंपणाचे खांब तेवढे पाण्यातून वर आलेले, बाकी पार पलीकडच्या काठापर्यंत नुसतं चकाकतं पाणी. सर काही वेळ बघत उभे राहिले. मिक ट्रॅक्टर घेऊन बांधाच्या कडेने येत होता. त्याने तो थांबवला, खाली उतरला, आणि हात पुढे करायला गेला. मग आठवून मागे घेतला. दोघं म्हातारे लांब लांब उभे. दोघांनाही काय करावं कळेना.

मिकने टोपी काढली. म्हणाला, "सेफ होम, नाऊ."

सर माझ्याकडे वळले. "काय म्हणतोय?"

"नीट घरी पोचा म्हणतोय."

सरांनी मिककडे बघून दोन्ही हात जोडले. "पोचतो म्हणावं," ते मला म्हणाले, आणि माझ्याआधीच गाडीकडे चालू लागले. मी मिकला ते सांगेपर्यंत ते अर्धं कुरण ओलांडून गेले होते. एकाहत्तर वर्षांचा माणूस इतक्या भरभर चालताना मी पाहिला नव्हता.